ठरलेला पगार नसताना ठरलेला महिना

गोव्यात एखाद्याने सरकारी नोकरीसाठी कधीच अर्ज केला नाही, तर त्यामागे काहीतरी भानगड असणार, असे घरचे लोक गृहीत धरतात. मी फोंड्यात राहून इंग्रजी, कोंकणी आणि मराठी या तीन भाषांमध्ये भाषांतराचे व संपादनाचे काम स्वतंत्रपणे करते, आणि लग्नाच्या मांडवापासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे मला एकच प्रश्न विचारला जातो: महिन्याला नक्की किती मिळतात? फ्रीलान्सर मंडळींना हा प्रश्न खटकतो, काही जण तर त्याला अपमान समजतात. मला मात्र तो अगदी योग्य प्रश्न वाटतो, कारण ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे कामे असतात, पण व्यवसाय नसतो. आपले काम किती चांगले आहे किंवा किती जणांना आवडते यावर हे उत्तर अवलंबून नसते. पैसा हाती येण्याची वेळ आणि तो खर्च होण्याची वेळ या दोहोंची ताटातूट आपण किती नीट केली आहे, यावर ते अवलंबून असते. या व्यवसायात टिकलेल्या ज्या छायाचित्रकारांना, डिझायनरांना आणि भाषांतरकारांना मी जवळून पाहिले आहे, त्या सर्वांनी कमीअधिक फरकाने हीच गोष्ट साधलेली आहे.

गोव्यात ही ताटातूट करणे अधिक गरजेचे असते, कारण इथला पैसा हंगामी आहे. पर्यटनाचा मोसम साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि मार्चनंतर ओसरू लागतो. हॉटेले, होमस्टे आणि उपाहारगृहे यांना संकेतस्थळे, मेनूकार्डे, माहितीपत्रके आणि छायाचित्रे हवी असतात ती मोसमाच्या आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. पण त्या वेळी त्यांच्याकडे पैसा नसतो, कारण पावसाळा नुकताच सरत असतो. म्हणून काम भर पावसात होते आणि त्याचे पैसे नाताळच्या गर्दीनंतर मिळतात. २००४ पासून पणजीत भरणारा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव यांच्या निमित्ताने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कामांची झुंबड उडते, आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत काम असले तरी पैसा जवळजवळ येतच नाही. वर्षाची बेरीज पाहिली तर उत्पन्न बरे दिसते. जुलैमध्ये वीजबिल भरताना मात्र त्या बेरजेचा काहीच उपयोग होत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. ग्राहकांकडून येणारा प्रत्येक रुपया एका स्वतंत्र खात्यात जमा करावा, त्या खात्याचे डेबिट कार्ड बाजारात नेऊ नये, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून स्वतःच्या घरखात्यात एक ठरावीक रक्कम पाठवावी. हा आपला पगार. तो वर्षाच्या सरासरीवरून ठरवणे धोक्याचे असते. मागच्या दोन वर्षांतले सर्वांत वाईट चार महिने समोर ठेवून तो ठरवावा. डिसेंबरमध्ये खात्यात कितीही रक्कम दिसली तरी पगार तेवढाच घ्यावा. किती महिन्यांचा खर्च शिल्लक असावा, याबद्दल सर्वत्र सहा महिन्यांचा आकडा सांगितला जातो. गोव्यातल्या पर्यटनावर अवलंबून असलेल्या माणसाने तो निव्वळ नियम म्हणून न पाळता स्वतःचा हिशेब करावा: पावसाळ्याचे चार महिने, अधिक बिल दिल्यापासून पैसे मिळेपर्यंत लागणारा नेहमीचा काळ. माझ्या बाबतीत ही बेरीज सहाच्या पुढे जाते.

पगार ठरला की दराचा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेक जण शेजाऱ्याचा दर विचारून त्याहून थोडा कमी लावतात. दर उलट्या दिशेने काढावा लागतो. समजा, घरखर्चासाठी महिन्याला ४०,००० रुपये लागतात. वर्षाचे ४,८०,००० झाले. त्यात आरोग्यविमा, निवृत्तीसाठीची बचत, चार-पाच वर्षांनी बदलावा लागणारा संगणक, इंटरनेट, सीएची फी आणि कर यांसाठी आणखी १,८०,००० धरा. एकूण ६,६०,००० रुपये. आता तास मोजा. चतुर्थी, शिगमो, गावची जत्रा, आजारपण आणि कामच नसलेले आठवडे वगळले तर वर्षात कामाचे सुमारे ४४ आठवडे उरतात. आठवड्यात आपण चाळीस तास बसत असलो तरी कोटेशन पाठवणे, बिले करणे, दुरुस्त्या करणे आणि पैशांची आठवण करून देणे यांत जवळजवळ निम्मा वेळ जातो. बिलात धरता येतील असे तास २२ राहतात. म्हणजे वर्षाला ९६८ तास, आणि तासाला सुमारे ६८० रुपये. तासाला अडीचशे शब्दांचे तपासलेले भाषांतर होत असेल, तर शब्दामागे २ रुपये ७० पैसे हा या उदाहरणातला तळाचा दर आहे. त्याहून कमी दराने घेतलेले प्रत्येक काम म्हणजे आपण ग्राहकाला दिलेली वर्गणी. ती एखाद्या वाचनालयाला किंवा नाट्यमंडळाला जाणूनबुजून द्यावी. पंचतारांकित हॉटेलला देण्याचे कारण नाही.

एकाच ग्राहकावर उभा असलेला व्यवसाय म्हणजे काय, हे गोव्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. डिचोली, साखळी, सांगे या पट्ट्यात घरोघरी खाणींचे खनिज वाहणारे ट्रक होते, आणि प्रत्येक ट्रकमालक स्वतःला स्वतंत्र व्यावसायिक मानत होता. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, तर ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द ठरवली आणि मार्चच्या मध्यापासून ट्रक पुन्हा अंगणात उभे राहिले. त्या ट्रकमालकांचे कष्ट कमी नव्हते, वाहनेही उत्तम होती. पण त्यांचा मालही एक आणि तो उचलणाराही एकच. माझ्या माहितीतल्या अनेक फ्रीलान्सरांची स्थिती नेमकी अशी आहे. त्यांचे तीन-चतुर्थांश उत्पन्न एकाच जाहिरात संस्थेकडून येते, आणि त्या संस्थेतला एक अधिकारी नोकरी सोडून गेला की यांचे वर्ष बुडते. कोणत्याही एका ग्राहकाचा वाटा एक-तृतीयांशापेक्षा जास्त होऊ लागला की मी दुसरीकडे काम शोधायला सुरुवात करते, पहिले काम कितीही सुखाचे असले तरी.

मात्र केवळ ग्राहकांची संख्या वाढवून भागत नाही. पाच ग्राहक आणि पाचही कळंगुटचे हॉटेलवाले, ही विभागणी कागदावरची आहे. पावसाळा पाचांनाही एकाच दिवशी गाठतो. म्हणून ज्यांचे वर्ष वेगळ्या वेळापत्रकाने चालते असे ग्राहक हवेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांची कामे वर्षभर विखुरलेली असतात, वकील आणि नोटरी यांना मोसम नसतो, शैक्षणिक मजकुराला स्वतःचे निराळे वेळापत्रक असते. दरमहा ठरावीक रकमेवर ठरावीक काम देणारे दोन ग्राहक मिळाले, तर त्यांना थोडी सवलत देण्यात तोटा नाही. आपण त्यांना विकतो ते काम, आणि त्यांच्याकडून बदल्यात घेतो ती निश्चिती. तिलाही किंमत असते.

आता कागदपत्रांविषयी. गोवा लहान आहे. ग्राहक हा बहुधा कोणाचा तरी मावसभाऊ, शाळेतला मित्र किंवा एकाच देवस्थानाचा महाजन निघतो, आणि त्यामुळे लेखी काही मागणे हे अविश्वासाचे लक्षण मानले जाते. माझा अनुभव असा की, ओळखीतल्या व्यवहाराला कागदाची गरज अधिक असते, कारण अनोळखी ग्राहकाशी वाद झाला तर फक्त पैसे जातात, ओळखीच्याशी झाला तर चतुर्थीला त्याच्या घरी जाण्याचीही पंचाईत होते. मला लांबलचक करार लागत नाही. काम काय, किती दुरुस्त्या अंतर्भूत आहेत, रक्कम किती, आगाऊ किती, उरलेली कधी, आणि काम मध्येच थांबवल्यास किती द्यायचे, एवढे ईमेलवर लिहून त्याला होकार घेतला तरी पुष्कळ होते. आगाऊ रक्कम आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. या एका सवयीने जितके ग्राहक गमावले, त्यांतले बहुतेक गमावण्याच्याच लायकीचे होते.

लेखन किंवा भाषांतर करणाऱ्यांनी स्वामित्वहक्काचा मुद्दाही त्याच ईमेलमध्ये घालावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे नोकरी देणारा असतो, पण स्वतंत्रपणे केलेल्या लेखनाचा मालक लेखकच राहतो. छायाचित्रे, व्यक्तिचित्रे आणि चित्रपट यांना मात्र अपवाद आहे: ती कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केली, आणि उलट काही ठरलेले नसले, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. विवाहसोहळ्यांचे छायाचित्रण करणाऱ्या कितीतरी तरुणांना हे ठाऊक नसते. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. ग्राहकाला सर्व हक्क कायमचे हवे असतील तर द्यावेत, पण त्याची वेगळी किंमत सांगून.

थकलेल्या बिलांसाठी कायद्याने एक चांगले हत्यार दिले आहे, आणि ते फार थोडे जण वापरतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत देण्याचे बंधन आहे. लेखी ठरलेले नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही यात बसते. त्यासाठी १ जुलै २०२० पासून सुरू असलेली उद्यम नोंदणी करावी लागते, ती आधारच्या साहाय्याने ऑनलाइन होते आणि विनामूल्य आहे. (पैसे घेऊन ती करून देणारी संकेतस्थळे दिसली तर तिथून निघावे.) नोंदणी काम सुरू होण्यापूर्वीच केलेली असावी, वाद झाल्यावर केलेली फारशी कामी येत नाही. पुढे सरकारी पोर्टलवर तक्रार आणि असे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे सुनावणी असा मार्ग आहे. एका पर्यटन कंपनीने माझे बिल पावसाळाभर अडवून ठेवले होते. तक्रार करण्याची वेळ आली नाही, कारण व्याजाची रक्कम मांडलेले दुसरे बिल त्यांच्या लेखा विभागाकडे गेले आणि पैसे आले. मालकाला भावनेची भाषा समजेलच असे नाही, लेखापालाला कलम समजते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, आयकर कायद्याच्या कलम ४३ बी (एच) मुळे, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट ग्राहकाला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. त्यामुळे मार्च महिन्यात तर तोच आपल्याला फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की निम्मे काम होते.

कराच्या बाबतीत गोमंतकीय फ्रीलान्सराची एक खास अडचण आहे, आणि देशभरातले आर्थिक सल्ले वाचून ती कधीच कळत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतली समाईक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या पतिपत्नींना आयकर कायद्याचे कलम ५ ए लागू होते. त्यानुसार पगार ज्याचा त्याच्याच नावावर राहतो, पण व्यवसायाचे उत्पन्न, घरभाडे, भांडवली नफा आणि व्याज हे दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाऊन प्रत्येकाच्या विवरणपत्रात जाते. फ्रीलान्सिंगचे उत्पन्न हे पगार नव्हे, व्यवसायाचे उत्पन्न आहे. म्हणजे ते मी एकटीने कमावले तरी कराच्या दृष्टीने त्यातले अर्धे माझ्या पतीचे आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहावा. समजा, पत्नीचे खर्च वजा जाता वर्षाचे व्यावसायिक उत्पन्न ६ लाख आहे आणि पतीचा प्रमाणित वजावटीनंतरचा पगार ११ लाख. भारतात इतर बहुतेक ठिकाणी, २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतची सूट धरता दोघांनाही कर शून्य. गोव्यात मात्र ३ लाख पतीकडे जातात, त्याचे उत्पन्न १४ लाख होते, सूट निघून जाते आणि उपकरासह ९३,६०० रुपये कर बसतो. कमावले तिने, कराची नोटीस त्याला. उलट जोडीदाराला स्वतःचे काहीच उत्पन्न नसेल, तर हेच कलम फायद्याचे ठरते: १६ लाखांच्या उत्पन्नावर एकट्याला १,२४,८०० रुपये भरावे लागले असते, ते आठ-आठ लाखांत वाटले गेले की दोघांचाही कर शून्यावर येतो. म्हणून गोव्यात लग्न झालेल्या फ्रीलान्सराने दर काढताना स्वतःच्या नव्हे, घराच्या कराचा अंदाज घ्यावा. विवरणपत्रात यासाठी स्वतंत्र अनुसूची असते आणि ग्राहकांनी बिलातून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर, म्हणजे टीडीएसही, त्यात दोघांत वाटून दाखवावा लागतो. विवाहपूर्व कराराने वेगळी पद्धत निवडलेल्यांचे गणित निराळे होऊ शकते. गोव्यातल्या मुरलेल्या सीएला हे सर्व ठाऊक असते. स्वस्तात विवरणपत्र भरून देणाऱ्या दूरच्या ॲपला ते ठाऊक असेलच असे नाही.

बाकीचे कर थोडक्यात सांगता येतील. व्यावसायिक सेवेच्या बिलातून ग्राहक साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतो. तो आपलाच पैसा आहे, पण विवरणपत्र भरल्याशिवाय तो हिशेबात धरला जात नाही. वर्षाचा उरलेला कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर चार हप्त्यांत भरावा लागतो, आणि पहिला हप्ता १५ जूनला, म्हणजे ऐन मृगात येतो. अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञानातले व्यावसायिक अशा नेमून दिलेल्या व्यवसायांना कलम ४४ एडीएखाली निम्मी जमा हा नफा धरून कर भरण्याची सोय आहे, आणि त्यांना संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदम भरता येतो. भाषांतर आणि लेखन यांचा त्या यादीत नावाने उल्लेख नाही, त्यामुळे मी खर्चाच्या पावत्या जपून ठेवते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांच्या जमेची आहे. इथे दिलेले आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या नव्या आयकर कायद्यात ते बदलतात.

आजारपणाची व्यवस्था नोकरदाराला आयती मिळते, आपल्याला ती उभी करावी लागते. किमान पाच वर्षे गोव्यात राहिलेल्यांसाठी राज्य सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. तिचे कार्ड जरूर घ्यावे, पण त्यावरच विसंबू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, त्यामुळे स्वतःची पॉलिसी घेणे पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. निवृत्तीसाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आणि एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) ही साधी साधने पुरेशी आहेत.

आता माझ्या धंद्यापुढच्या खऱ्या संकटाविषयी. मराठीचे यांत्रिक भाषांतर बरीच वर्षे चालू आहे, आणि गूगलने मे २०२२ मध्ये कोंकणीलाही त्यात घेतले. त्यानंतर मेनूकार्डे, सूचनाफलक, साधी माहितीपत्रके यांचे काम दिसण्याइतके कमी झाले, आणि जे येते ते ‘मशीनने केलेले फक्त बघून द्या’ अशा स्वरूपात येते. या पातळीवर दर कमी करून टिकण्याचा प्रयत्न निष्फळ आहे, कारण समोरचा स्पर्धक फुकट आहे. कोणाला तरी सही करून जबाबदारी घ्यावी लागते असे काम मात्र राहिले आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोंकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामांसाठी मराठीच्या वापरालाही त्यात स्थान आहे. जमिनीचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, आणि न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते. या भाषांच्या सीमेवर उभा असलेला दस्तऐवज चुकला तर घर किंवा काजूची बाग जाते, म्हणून तिथे माणूस लागतो. मी स्वतः अलीकडे पोर्तुगीज शिकते आहे, आणि त्यासाठी आठवड्यातले काही तास बिलाबाहेर ठेवते. वर दराच्या हिशेबात आठवड्याला २२ तासच धरण्याचे हेही एक कारण आहे.

दरवाढीची वेळ ही अखेरची बाब. बहुतेक फ्रीलान्सर आर्थिक वर्ष पाहून एप्रिलमध्ये नवे दर कळवतात. गोव्यात एप्रिलमध्ये हॉटेलवाल्याचा मोसम संपत आलेला असतो आणि तो प्रत्येक खर्चाला कात्री लावायला बसलेला असतो. मी पर्यटनक्षेत्रातल्या ग्राहकांना चतुर्थी आटोपली की पत्र पाठवते, कारण त्या वेळी त्यांचे मोसमाचे अंदाजपत्रक ठरत असते, आणि प्रकाशकांना मार्चमध्ये. पत्रात महागाईचे रडगाणे नसते. नवा दर, तो लागू होण्याची तारीख, आणि त्याआधी हाती घेतलेली कामे जुन्याच दराने पूर्ण होतील, एवढी तीनच वाक्ये असतात.